दोन मैदाने, एक खेळाडू

(तंजावर जिल्ह्यातील पापनाशम येथे, स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठीभाषक विद्यार्थ्यांसमोर एका निवृत्त क्रीडाशिक्षिकेने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ.)



तुमची मराठी आणि माझी मराठी यांत साडेतीनशे वर्षांचे अंतर आहे. व्यंकोजीराजांच्या मागोमाग जी कुटुंबे या कावेरीकाठी आली, त्यांची बोली तुम्ही घरात जपलीत. १८५५ मध्ये तंजावरचे राज्य खालसा झाले, पण भाषा टिकली. माझे काही शब्द तुम्हाला नवखे वाटतील, तुमचे काही मला वाटतील. म्हणून मी सावकाश बोलणार आहे. मध्येच हात वर करून विचारलेत तरी चालेल.

मी आज येथे खेळाडूंसाठीच्या शासकीय योजनांवर बोलावे, असे ठरले होते. परंतु सभागृहात शिरताना एका ताईंनी मला थांबवले. त्यांची मुलगी नववीत आहे. ती हॉकी खेळते आणि सॉफ्टबॉलही खेळते. त्यांनी विचारले, ‘बाई, दहावीच्या आधी यांतले कुठले सोडायला लावू?’ कोणता खेळ धरू असे त्यांनी विचारले नाही, सोडायला कुठला लावू असे विचारले. चौतीस वर्षे मी शाळेच्या मैदानावर काढली. हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आणि दर वेळी मी दिलेले उत्तर बरोबर होतेच असे नाही. तेव्हा योजनांकडे आपण याच प्रश्नाच्या वाटेने जाऊ.

सॉफ्टबॉल हा खेळ तुमच्यापैकी अनेकांनी केवळ प्रश्नपत्रिकेत पाहिला असेल. १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात तो बंदिस्त दालनात खेळण्याचा बेसबॉल म्हणून सुरू झाला. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव त्याला १९२६ मध्ये मिळाले. नाव मऊ असले तरी चेंडू मऊ नसतो. त्याचा परीघ बारा इंच असतो. बाजूला नऊ खेळाडू आणि डाव सात. महिलांच्या सामन्यात चेंडू टाकणारी खेळाडू, म्हणजे पिचर, फलंदाजापासून ४३ फुटांवर, म्हणजे सुमारे तेरा मीटरवर असते आणि हात खांद्याखालून फिरवून चेंडू टाकते. तो चेंडू ताशी १०० किलोमीटर वेगाने आला, तर फलंदाजापर्यंत पोहोचायला त्याला अर्धा सेकंददेखील लागत नाही. क्रिकेटमध्ये फटका मारून धावायचे की नाही हे फलंदाज ठरवतो. येथे चेंडू रेषांच्या आत पडला की धावावेच लागते. भारतात १९६१ पासून या खेळाची राष्ट्रीय संघटना आहे आणि शालेय क्रीडा स्पर्धांतही त्याला स्थान आहे.

आता हॉकीशी याचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. हॉकीची काठी हातात घेतलेली खेळाडू डोळ्यांसमोर आणा. डावा हात काठीच्या टोकाशी, उजवा त्याच्या खाली. डावखुऱ्यांसाठी वेगळी काठी हॉकीच्या नियमांत नाही. सर्वांनी याच पकडीने खेळायचे. उजव्या हाताने खेळणारी सॉफ्टबॉलपटू बॅट धरते तेव्हाही डावा हात मुठीच्या टोकाशी असतो. क्रिकेटमध्येही तसेच. कंबरेतून वाकून चेंडूवर नजर ठेवणे, मनगट शेवटच्या क्षणी वळवणे, थांबलेल्या पायांवरून चार पावलांत पूर्ण वेग घेणे हे सारे या खेळांत सामाईक आहे. माझ्या शाळेत हॉकीची गोलरक्षक तीच सॉफ्टबॉलची कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू पकडणारी, असे दोन-तीनदा घडले. अंगावर येणाऱ्या चेंडूसमोर डोळे न मिटणे ही गोष्ट एकदा अंगवळणी पडली की ती दोन्हीकडे उपयोगी पडते. शिकवून ती फारशी येत नाही, हेही सांगितले पाहिजे.

या दोन नावांचे खेळ घेऊन जगाच्या सर्वोच्च पातळीवर पोहोचलेली खेळाडू म्हणजे कॅनडाची हेली विकेनहायझर. तिची हॉकी बर्फावरची, आपली मैदानी हॉकी नव्हे. परीक्षेत ही गल्लत करू नका. १९७८ साली सस्कॅचेवान प्रांतातील शॉनावन या लहान गावी तिचा जन्म झाला. लहानपणी ती मुलांच्या संघांतून खेळली, कारण मुलींचे संघ फारसे नव्हते. पंधराव्या वर्षी ती राष्ट्रीय संघात आली. महिलांच्या आइस हॉकीला ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला तो १९९८ मध्ये, नागानो येथे. त्या स्पर्धेत कॅनडाला रौप्यपदक मिळाले. पुढे २००२, २००६, २०१० आणि २०१४ या चारही हिवाळी ऑलिंपिकमध्ये तिच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. २००३ मध्ये फिनलंडमधील पुरुषांच्या एका व्यावसायिक संघातून ती खेळली आणि तेथेही तिने गोल केला. या सर्व वाटचालीत, नागानो आणि सॉल्ट लेक सिटी यांच्या मधल्या काळात, २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये ती कॅनडाच्या सॉफ्टबॉल संघातून उतरली. आठ संघांत कॅनडा आठवा आला. चार सुवर्णपदके एका बाजूला आणि आठवा क्रमांक दुसऱ्या बाजूला, असा तिचा हिशेब आहे. मला त्यातला आठवा क्रमांक अधिक बोलका वाटतो. ज्या खेळात आपण जगात पहिल्या नाही, त्यातही देशाने आपल्याला घ्यावे एवढी तयारी तिने चालू ठेवली होती. २०१७ मध्ये ती निवृत्त झाली आणि पुढे २०२१ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन डॉक्टर झाली.

हे तिला कसे शक्य झाले? प्रतिभा होतीच. पण त्याहून साधे एक कारण आहे. तिचे दोन खेळ वर्षाच्या दोन वेगळ्या ऋतूंत होते. अमेरिकेतील अनेक शाळांत आजही हीच रचना दिसते. तेथे आपली मैदानी हॉकी इंग्लंडहून आलेल्या कॉन्स्टन्स ॲपलबी या शिक्षिकेने १९०१ मध्ये महिला महाविद्यालयांत नेली आणि ती मुख्यतः मुलींचाच खेळ झाली. शाळेच्या वर्षात हॉकी शरद ऋतूत, बास्केटबॉल हिवाळ्यात आणि सॉफ्टबॉल वसंतात. एकाच मुलीने हॉकी आणि सॉफ्टबॉल खेळणे तेथे नवलाचे नाही, कारण एकाचा हंगाम संपल्यावर दुसऱ्याचा सुरू होतो. १९७२ च्या कायद्याने, ज्याला ‘टायटल नाइन’ म्हणतात, सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींशी भेदभाव करण्यास मनाई केली आणि मुलींच्या संघांची संख्या झपाट्याने वाढली.

तुम्ही कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातले आहात, तेव्हा ही गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली समजेल. येथे एकाच शेतात कुरुवै आणि ताळडी अशी भाताची दोन पिके निघतात. परंपरेने १२ जूनला मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडतात. पाणी वेळेवर आले तर कुरुवै साधते आणि मागून ताळडीही साधते. पाण्याला उशीर झाला की शेतकरी सांबा या एकाच लांब मुदतीच्या पिकावर येतो. जमीन तीच, शेतकरी तोच. बदलते ती तारीख. दोन खेळ खेळणाऱ्या मुलीचेही असेच आहे. तिला एका खेळावर येणे भाग पडते ते पुष्कळदा तिच्या कुवतीमुळे नव्हे, तर तारखांमुळे.

आपल्या देशात या प्रश्नाचे सर्वांत ताजे उदाहरण मुंबईचे आहे. जेमिमा रॉड्रिग्ज. तिचा जन्म ५ सप्टेंबर २००० चा. वडील इव्हान हे स्वतः प्रशिक्षक. मुलांना चांगली मैदाने मिळावीत म्हणून हे कुटुंब भांडुपहून वांद्र्याला राहायला गेले. जेमिमा हॉकी आणि क्रिकेट दोन्ही खेळत होती, आणि दोन्हींत नुसती शाळेपुरती नव्हे. हॉकीत महाराष्ट्राच्या १७ आणि १९ वर्षांखालील संघांत तिची निवड झाली. क्रिकेटमध्ये ती बाराव्या-तेराव्या वर्षीच १९ वर्षांखालील संघात पोहोचली. नोव्हेंबर २०१७ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे सौराष्ट्राविरुद्ध ५० षटकांच्या सामन्यात तिने १६३ चेंडूंत नाबाद २०२ धावा केल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये ती भारतीय संघातून खेळली. त्यानंतर कोणता खेळ हा प्रश्न उरला नाही.

पण हॉकी सुटली का? २०२२ च्या एकदिवसीय विश्वचषकासाठी तिला भारतीय संघातून वगळण्यात आले. त्या काळात ती मुंबईतल्या एका रिंक हॉकी स्पर्धेत काठी घेऊन उतरली. वृत्तपत्रांनी ही बातमी गमतीची म्हणून छापली. मला ती गमतीची वाटली नाही. ज्या खेळाडूला एकच मैदान ठाऊक असते, तिला तेथून बाहेर काढले की जायला जागा नसते. हिच्याजवळ दुसरे मैदान होते. तेथे तिला कोणी वगळले नव्हते.

पुढचे तुम्ही पाहिले आहे. २०२५ च्या विश्वचषकात साखळी फेरीत इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात तिला पुन्हा बाहेर बसावे लागले. पुढच्याच सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध तिने नाबाद ७६ धावा केल्या आणि ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध १३४ चेंडूंत नाबाद १२७. तिसऱ्या क्रमांकावर जायचे हे तिला मैदानात उतरण्यापूर्वी जेमतेम पाच मिनिटे आधी कळले होते. भारताने ३३९ धावांचे लक्ष्य गाठले. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमधील हा सर्वांत मोठा यशस्वी पाठलाग ठरला. २ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेला हरवून भारत प्रथमच विश्वविजेता झाला. त्या स्पर्धेच्या काळात आपण चिंतेने ग्रासलो होतो, रडत होतो, हे तिने सामन्यानंतर उघडपणे सांगितले. तिचे ते स्वीप, दोन धावांसाठीची ती पळापळ आणि वाकून केलेले क्षेत्ररक्षण पाहताना मला हॉकीपटू दिसत होती. हे माझे मत आहे, सिद्ध करता येणार नाही.

तिच्याआधीही अशा स्त्रिया होऊन गेल्या. शिरीन कियाश यांनी हॉकी, बास्केटबॉल आणि क्रिकेट या तीन खेळांत भारताचे प्रतिनिधित्व केले. इंग्लंडच्या क्रिकेट कर्णधार रेचल हेहो फ्लिंट या इंग्लंडच्या हॉकी संघाच्या गोलरक्षकही होत्या. न्यूझीलंडची सोफी डिव्हाइन दोन्ही खेळांत आपल्या देशाकडून खेळली.

आता हिशेबाकडे येऊ, कारण पालकांना शेवटी तोच करावा लागतो. १९८० साली मॉस्को येथे महिला हॉकी प्रथमच ऑलिंपिकमध्ये आली आणि भारत चौथा आला. त्या संघात पुण्याच्या एलायझा नेल्सन होत्या. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्यांच्याच नेतृत्वाखाली सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर ऑलिंपिकसाठी पुन्हा पात्र ठरायला भारतीय महिलांना २०१६ चे रिओ उजाडावे लागले. टोकियोत पुन्हा चौथा क्रमांक, आणि पॅरिसला पात्रताच नाही. इतक्या वर्षांत हॉकी खेळणाऱ्या मुलीला खरा आधार होता तो रेल्वेसारख्या नोकरीचा. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाख रुपयांची बोली लागली, जेमिमाला २ कोटी २० लाखांची. महिलांची हॉकी इंडिया लीग २०२५ च्या जानेवारीत सुरू झाली. तिच्या लिलावातील सर्वांत मोठी बोली उदिता दुहानवर, ३२ लाखांची. सॉफ्टबॉलमध्ये अशी लीगच नाही. मग मुलगी सॉफ्टबॉल का खेळते?

याचे उत्तर कोणाला आवडणार नाही, पण ते खरे आहे. अनेकदा ती प्रमाणपत्रासाठी खेळते. महाराष्ट्रात २००५ पासून शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. पदाचा गट जितका वरचा, तितकी कामगिरीची पातळीही वरची लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाकडून होते. केंद्र सरकारच्या भरतीतही गुणवान खेळाडूंसाठीच्या मान्य खेळांच्या यादीत हॉकीबरोबर सॉफ्टबॉल आहे. कागदावर दोन्ही प्रमाणपत्रे सारखी. मात्र ज्या खेळात संघ कमी, त्यात राज्याच्या संघापर्यंत पोहोचण्याची वाट जवळची. गावागावातले पालक हा हिशेब बरोबर करतात. ‘समांतर’ या शब्दाकडे परीक्षार्थींनी लक्ष द्यावे. हे आरक्षण सामाजिक प्रवर्गांच्या आरक्षणाहून वेगळे नसून त्यांना छेदून जाणारे असते.

हा हिशेब मीही एकदा केला आहे. माझी एक विद्यार्थिनी, नाव सांगत नाही, हॉकीत गोलरक्षक आणि सॉफ्टबॉलमध्ये कॅचर होती. दोन्ही खेळांच्या निवड चाचण्या एकाच दिवशी, दोन वेगळ्या गावी लागल्या. तारीख बदलून मिळावी म्हणून मी पत्र दिले. त्याचे उत्तर आले नाही. तिच्या वडिलांनी मला विचारले आणि मी सॉफ्टबॉल म्हटले. कारण तेथे निवड जवळजवळ नक्की होती. झालेही तसेच. ती राज्याकडून खेळली, पुढे खेळाडूंच्या राखीव जागेतून नोकरीला लागली, आज तिचे घर त्या पगारावर चालते. सल्ला चुकला असे कोणी म्हणणार नाही. परंतु चाचणीनंतरच्या सोमवारी तिने गोलरक्षकाचे पॅड धुऊन, वाळवून, पट्टे नीट गुंडाळून माझ्या टेबलावर आणून ठेवले. ‘बाई, आता दुसरीला द्या’ एवढेच बोलली. चौदा वर्षांची होती. ती हॉकीत कुठवर गेली असती हे मला कधीच कळणार नाही, तिलाही कळणार नाही. यात तिने काही निवडले असे मला आजही वाटत नाही.

वैद्यकशास्त्र याबाबत काय सांगते तेही पाहा. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१५ मध्ये युवा खेळाडूंच्या विकासाबाबत तज्ज्ञांचे एकमताचे निवेदन प्रसिद्ध केले. त्यात लहान वयात एकाच खेळाला जुंपण्यापेक्षा विविध खेळांचा अनुभव देण्यावर भर आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये एकाच खेळाची निवड साधारण पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावी असे सुचवले. कारणे समजण्यासारखी आहेत. वाढत्या वयातील हाडे आणि सांधे वर्षभर एकाच प्रकारचा ताण सोसत राहिले की अतिवापराच्या दुखापती होतात. शिवाय मन विटते. अर्थात, सर्व खेळांना हे सारखेच लागू नाही. जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळात फार लवकर सुरुवात करावी लागते. सांघिक खेळांत तशी घाई नसते.

येथे शासनाची भूमिका येते. २००१ च्या राष्ट्रीय क्रीडा धोरणाची जागा २०२५ मध्ये ‘खेलो भारत नीती’ने घेतली. त्याच वर्षी राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदाही संमत झाला. खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूस प्रशिक्षणाच्या खर्चाशिवाय महिन्याला दहा हजार रुपये हातखर्चाला मिळतात. या गोष्टी मोलाच्या आहेत. माझी मागणी त्यांच्यापुढे फार लहान आहे. जिल्हा आणि राज्य पातळीवर शालेय स्पर्धांच्या तारखा ठरवताना, एकाच वयोगटातील मुली ज्या दोन खेळांत हमखास सामाईक असतात, त्यांच्या चाचण्या एका दिवशी ठेवू नयेत. याला निधी लागत नाही. एका टेबलावर दोन कॅलेंडरे शेजारी ठेवणारा माणूस लागतो. तुमच्यापैकी काहीजण उद्या अधिकारी होतील, त्या टेबलापाशी बसतील, म्हणून हे तुम्हाला सांगते आहे. तुमच्याकडे ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पावसाने मैदाने भिजलेली असतात, महाराष्ट्रात ती जून ते सप्टेंबर भिजतात. तेव्हा देशभर एकच वेळापत्रक चालणार नाही हेही ध्यानात ठेवा.

आणखी एक गोष्ट त्या ताईंच्या मुलीच्या वयाला धरून. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या १४१ व्या सत्रात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी पाच खेळांना मान्यता मिळाली. क्रिकेट, स्क्वॉश, लॅक्रॉस, फ्लॅग फुटबॉल आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल. सॉफ्टबॉल १९९६ ते २००८ ऑलिंपिकमध्ये होता, मग गेला, टोकियोत परतला, पॅरिसमध्ये नव्हता, आता पुन्हा येतो आहे. क्रिकेट तर १९०० नंतर प्रथमच. हॉकी आहेच. म्हणजे काठी किंवा बॅट डाव्या हाताच्या टोकाने धरणाऱ्या मुलींसाठी एकाच ऑलिंपिकमध्ये तीन दारे उघडी आहेत. भारत सॉफ्टबॉलमध्ये आजवर ऑलिंपिकला पात्र ठरलेला नाही, तेव्हा त्या दारापाशी गर्दीही कमी आहे.

ताई मागच्या रांगेत बसल्या आहेत. ताई, नववीत काहीच सोडायला लावू नका. दहावीच्या वर्षात सराव निम्मा करा, पण दोन्हींचा करा. दोन्ही चाचण्यांच्या तारखा आत्ताच लेखी मागवा आणि त्या एका दिवशी आल्या तर अर्ज एकटीने देऊ नका, शाळेतील सर्व पालकांच्या सह्या घेऊन द्या. एकट्या शिक्षिकेच्या पत्राचे काय होते ते मी सांगितलेच आहे. अकरावीत गेल्यावर तिला स्वतःला विचारा. तेव्हा ती सोळा वर्षांची असेल आणि कुठला खेळ धरायचा हे तिचे तिला सांगता येईल.

आता तुमचे प्रश्न घेऊ. समांतर आरक्षणाबद्दल कोणीतरी मघाशी हात वर केला होता.